शीतयुद्ध गोव्याच्या सीमेपर्यंत आलं होतं, तिथूनच शिकवा

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीला समाजविज्ञान शिकवणाऱ्या बाईंना भांडवलशाही आणि समाजवादी महासत्तांमधला संघर्ष, म्हणजेच अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातलं शीतयुद्ध, चार-पाच तासांत शिकवायचा आहे. पुस्तकात त्याला जागा थोडी. मुलं करारांची नावं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ‘याचा आमच्याशी काय संबंध?’ असं विचारतात, ‘दोघांत चांगलं कोण होतं?’ असंही विचारतात. त्यातच एका पालकाने ‘शाळेत कम्युनिझम शिकवताय काय?’ अशी तक्रार केली आहे. सुरुवात कुठून करावी, आणि या प्रश्नांना वर्गात काय उत्तर द्यावं?

बाई, सुरुवात गोव्यापासून करा. याल्टा, पॉट्सडॅम, ट्रुमन नंतर येऊ देत. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे मामा-काका मडगाव-म्हापशाला कामाला असतील. लोंढ्याहून सुटलेली गाडी कॅसलरॉकवरून दूधसागरकडे उतरते हे त्यांना ठाऊक आहे. त्याच मार्गावरची वाहतूक १९५५ साली बंद पडली, कारण कॅसलरॉकच्या पलीकडे दुसऱ्या देशाची सत्ता होती. एवढं सांगितलं की मुलं पुस्तकातून मान वर काढतात.

मग फळ्यावर जगाचा ढोबळ नकाशा काढा आणि गोष्ट नीट, न घाई करता सांगा. गोवा १५१० पासून पोर्तुगिजांकडे. भारत स्वतंत्र झाला तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हलायला तयार नव्हता. त्याच्या देशात खुल्या निवडणुका नव्हत्या, विरोधकांना तुरुंग होता. तरीही एप्रिल १९४९ मध्ये नाटो ही अमेरिकेच्या पुढाकाराची लष्करी युती स्थापन झाली तेव्हा ‘स्वतंत्र जगाचं’ रक्षण करणाऱ्या त्या १२ संस्थापक देशांत पोर्तुगाल होता. का? नकाशावर अटलांटिक महासागराच्या मध्यावर बोट ठेवा. तिथे पोर्तुगालची अझोरेस बेटं आहेत, आणि त्या बेटांवर अमेरिकेला विमानतळ हवा होता, तो मिळालाही होता. मुलांना इथे थोडा वेळ द्या. एखादं पोर आपणहून म्हणतं, “म्हणजे विमानतळासाठी सालाझारला सांभाळून घेतलं की!” ते तुमच्या तोंडून येण्यापेक्षा त्यांच्या तोंडून आलेलं बरं.

पुढे १९५५. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळीबार केला, अनेक जण मेले. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारताच्या लांबलचक दौऱ्यावर होते आणि गोव्याच्या प्रश्नावर त्यांनी जाहीरपणे भारताची बाजू घेतली. तो दौरा चालू असतानाच, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर संयुक्त निवेदन काढलं आणि त्यात गोव्यासारख्या वसाहतींना पोर्तुगालचे ‘प्रांत’ म्हटलं. भारतात संतापाची लाट आली. आपल्या शेजारचा एवढासा मुलूख, पण त्याच्यावरून मॉस्को आणि वॉशिंग्टन समोरासमोर आले होते.

आणि मग डिसेंबर १९६१. बेळगाव आणि आसपास फौजा गोळा झाल्या. सांबऱ्याचा विमानतळ मोहिमेसाठी वापरला गेला. १७ च्या रात्री सैन्याची हालचाल सुरू झाली, एक तुकडी मोलेमच्या बाजूने फोंड्याकडे गेली, ब्रिगेडियर सगत सिंग यांची पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून पणजीवर आली. १९ तारखेला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. इथपर्यंत आपल्याकडच्या मुलांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यांनी ऐकलेलं नसतं ते १८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये काय घडलं ते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत ठराव मांडला की लढाई थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. ११ पैकी ७ मतं ठरावाच्या बाजूने पडली, ४ विरुद्ध. विरुद्ध मत देणाऱ्यांत सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. सोव्हिएत संघाकडे नकाराधिकार होता, म्हणून बहुमत असूनही ठराव पडला.

आता फळ्यावर दोन प्रश्न लिहा. लोकशाहीची भाषा बोलणारी अमेरिका हुकूमशहाच्या वसाहतीची पाठराखण का करते? आणि पाचच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, हंगेरीतला उठाव मोडायला बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे घालणारा सोव्हिएत संघ गोव्याच्या मुक्तीच्या बाजूने का उभा राहतो? पहिला तास या दोन प्रश्नांवर संपला तरी चालेल. माझं या विषयातलं सगळं म्हणणं इथेच आहे. महासत्तांचे विचार खरे होते, त्यासाठी माणसांनी जीव दिले. त्यांचे स्वार्थही खरे होते. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत, एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. नुसता विचार शिकवला तर ती एका बाजूची भक्त होतात, आणि नुसता स्वार्थ शिकवला तर ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकतात. शिक्षक म्हणून मला दोन्हींची भीती वाटते.

दुसऱ्या तासाला व्याख्या घ्या, पण त्याही पुस्तकातल्या ओळींनी नकोत. तीन गोष्टी विचारा: साधनं कुणाच्या मालकीची, भाव कोण ठरवतो, उरलेला पैसा कुणाकडे जातो. हे तीन प्रश्न निपाणीच्या तंबाखूच्या वखारीला लावा. वखार खाजगी, आत काम करणाऱ्या बाया मजुरीवर, तंबाखू पिकवणारा शेतकरी भावासाठी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघणारा. १९८१ मध्ये याच भावासाठी शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले, हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं. मग तेच प्रश्न संकेश्वरच्या हिरण्यकेशी साखर कारखान्याला लावा, तिथे ऊस घालणारा शेतकरी सभासद आहे. मग ज्या बसने मुलं शाळेला येतात तिला लावा. ती बस सरकारी महामंडळाची, तोट्याच्या खेड्यालाही जाते. एका जिल्ह्यात तिन्ही प्रकार नांदताना दिसले की ‘भांडवलशाही’ आणि ‘समाजवाद’ हे शब्द मुलांच्या हातात येतात.

त्यानंतरच सोव्हिएत संघाकडे वळा. तिथे कारखाने, खाणी, जमीन सगळंच राज्यसंस्थेचं, काय किती बनवायचं याची योजना मॉस्कोत ठरायची. या व्यवस्थेने मागासलेला देश एका पिढीत औद्योगिक केला, साक्षरता वाढवली, दवाखाने आणि शाळा दूरवर नेल्या. त्याच व्यवस्थेने १९२९ पासून शेतकऱ्यांची जमीन सक्तीने सामूहिक शेतीत ओढली, १९३२-३३ च्या दुष्काळात, विशेषतः युक्रेनमध्ये, लाखो माणसं उपाशी मेली, आणि विरोधात बोलणाऱ्याला छळछावणी होती. दुसरा पक्ष नाही, मोकळं वर्तमानपत्र नाही. अमेरिकेतही तीच मापं लावा. उद्योग खाजगी, निवडणुका होणाऱ्या, वर्तमानपत्रं अध्यक्षाला झोडपणारी, आणि नवं काही बनवणाऱ्याला वाव देणारी व्यवस्था. पण १९३३ मध्ये, मंदीच्या तळाशी, दर चार कामगारांतला एक बेकार होता, आणि दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांना मतदानाचा हक्क बजावता यावा म्हणून १९६५ साली वेगळा कायदा करावा लागला. एका वहीच्या पानावर हे शेजारी शेजारी लिहून घ्या. ‘दोघांत चांगलं कोण?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, पण प्रश्न टाळायचाही नाही. मुलाला उलट विचारा: कुणासाठी चांगलं? डेट्रॉइटच्या मोटार कामगारासाठी, युक्रेनच्या शेतकऱ्यासाठी, अलाबामातल्या काळ्या मुलीसाठी, मॉस्कोतल्या शाळामास्तरासाठी? आणि कोणत्या साली? दहावीचं पोर यावर चांगला विचार करतं.

क्युबाचा पेचप्रसंग शिकवायला वर्गात एक खेळ घ्या, मात्र तो पूर्ण तयारीने घ्या. पण त्याआधी भीती समजावून द्यावी लागते, आणि बहुतेक पुस्तकं नेमकी तीच वगळतात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मेले. अमेरिकेचे सुमारे ४ लाख. ज्या देशाच्या घराघरात मृत्यू झाला आहे, तो पश्चिमेकडून पुन्हा कुणी चालून येऊ नये म्हणून शेजारच्या देशांना मुठीत ठेवतो. ते देश त्या मुठीत गुदमरतात, आणि अमेरिका ते पाहून म्हणते की हे सगळा युरोप गिळणार. अमेरिकेकडे अणुबॉम्ब होता आणि तो हिरोशिमा-नागासाकीवर टाकून झाला होता. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत संघानेही चाचणी केली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला चीनमध्ये माओंची सत्ता आली. प्रत्येकाला आपण बचावच करतो आहोत असं वाटत होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं साठली होती.

आता खेळ. वर्गाचे दोन गट करा, एक वॉशिंग्टन, एक मॉस्को, आणि तीन-चार मुलं हवानाची. ऑक्टोबर १९६२. अमेरिकेच्या टेहळणी विमानाला क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले आहेत. क्युबा ते फ्लोरिडा अंतर किती? बेळगावहून पणजी जितकी लांब, साधारण तितकंच, सुमारे १४५ किलोमीटर. वॉशिंग्टनच्या गटाला फक्त हे सांगा. मॉस्कोच्या गटाला वेगळी चिठ्ठी द्या: अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं आधीपासून तुमच्या सीमेला लागून असलेल्या तुर्कस्तानात उभी आहेत, आणि अमेरिकेच्या पैशाने आणि शिकवणीने तयार झालेल्या टोळीने गेल्या वर्षी क्युबावर हल्ला केला होता. हवानाच्या मुलांना सांगा की तुम्हाला कुणी काही विचारणार नाही, दोन मोठे आपसात काय ठरवतात ते तुम्हाला नंतर कळेल. मग प्रत्येक गटाला निर्णय लिहायला लावा: नाकेबंदी, हल्ला, की बोलणी. चिठ्ठ्या उघडल्यावर वर्गात जो गोंधळ उडतो तो थांबवू नका. वॉशिंग्टनवाली मुलं चिडून म्हणतात, “तुर्कस्तानचं आम्हाला सांगितलंच नाही!” तेव्हा शांतपणे सांगा की अमेरिकेच्या सामान्य माणसालाही त्या वेळी हे नीट सांगितलेलं नव्हतं. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं आश्वासन अध्यक्ष केनेडींनी गुप्तपणे दिलं होतं.

खेळानंतर वासिली अर्खिपोव्हची गोष्ट सांगाच. २७ ऑक्टोबर १९६२, क्युबाजवळ समुद्राखाली एक सोव्हिएत पाणबुडी. वरून अमेरिकन जहाजं तिला वर आणण्यासाठी स्फोट करत होती, आत उकाडा असह्य, मॉस्कोशी संपर्क नाही. युद्ध सुरू झालं असं समजून कप्तान अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडायला निघाला आणि अर्खिपोव्हने संमती दिली नाही. पाणबुडी वर आली आणि परत गेली. जगाला हे कळायला कित्येक वर्षं गेली. इतिहास फक्त अध्यक्ष आणि करार घडवत नाहीत, हे मुलांना यातून आपोआप कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

‘शीत’ या विशेषणावर विश्वास ठेवू नका असं मुलांना स्पष्ट सांगा. ते फक्त युरोपापुरतं खरं होतं. कोरिया, व्हिएतनाम, काँगो, अंगोला, अफगाणिस्तान इथे लाखो माणसं मेली. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून किमान ५ लाख लोकांची कत्तल झाली आणि आपल्या पुस्तकांत त्याची ओळसुद्धा नसते. दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रणगाडे घुसले ती बुडापेस्ट, प्राग, काबूल. वेळ कमी असेल तर यातलं एकच युद्ध घ्या, आणि ते कोरियाचं घ्या. कारण आपल्या सीमाभागातल्या मुलांना त्यात आपली माणसं भेटतात.

कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला थांबलं. ते इतकं लांबण्याचं एक मोठं कारण युद्धकैदी. उत्तर कोरियाच्या आणि चीनच्या पकडलेल्या सैनिकांपैकी हजारो जण परत जायला तयार नव्हते. त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का, यावर दोन्ही बाजू अडून बसल्या. शेवटी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्षपद भारताकडे आलं आणि ते जनरल थिमय्यांनी सांभाळलं. थिमय्या कोडगूचे. कैद्यांचा ताबा ज्या भारतीय फौजेकडे होता तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. एक कर्नाटकाचा, एक महाराष्ट्राचा, आणि दोघे मिळून २२ हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळत होते. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी येऊन कैद्यांना ‘आमच्याकडे या’ असं समजावत, आणि प्रत्येक कैद्याने आपला निर्णय आपण सांगायचा. छावण्यांत आतून धाकदपटशा होता, दगडफेक व्हायची, दोन्ही महाशक्ती भारतावर नाराज होत्या. काही मोजके कैदी म्हणाले, आम्हाला दोन्ही बाजू नकोत, आणि ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले. हा प्रसंग सांगून मुलांना लिहायला द्या: तुम्ही त्या तंबूत बसलेले कैदी असता तर काय विचारलं असतं? या एका प्रश्नाला मुलांनी लिहिलेली उत्तरं मी जपून ठेवतो, कारण त्यांत पोरं स्वतः बोलतात, पुस्तक बोलत नाही.

अलिप्ततावाद म्हणजे ‘कुणाच्या भानगडीत न पडणं’ असं मुलं लिहितात आणि आपण मार्कही देतो. तसं होऊ देऊ नका. अलिप्त राहणं म्हणजे दोघांशी सतत बोलत, घेत, भांडत राहणं होतं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, रूरकेलाचा पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूरचा ब्रिटनच्या. १९७५ हे एक वर्ष घ्या. एप्रिलमध्ये बेंगळूरजवळ पीण्यात बनवलेला ‘आर्यभट्ट’ सोव्हिएत रॉकेटमधून अवकाशात गेला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले, आणि त्या खेड्यांत आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातली गावंही होती. दोन्ही महासत्तांचा उपयोग एका वर्षात, आपल्याच राज्यात. पण घेण्याची किंमतही असते, तीही सांगा. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचा गहू पीएल-४८० या तिथल्या धान्यमदतीच्या कायद्याखाली येत होता, आणि व्हिएतनामवरून भारताने टीका केली म्हणून अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं आखडत्या हाताने सोडत होते. दुसऱ्या बाजूला, हंगेरीच्या प्रश्नावर भारत सोव्हिएत संघाविरुद्ध स्पष्ट बोलायला कचरला आणि देशातच त्यावर टीका झाली.

१९६२ इथे जोडा. क्युबाचा पेच आणि चीनचं आक्रमण एकाच ऑक्टोबरात आले. सगळं जग क्युबाकडे बघत होतं तेव्हा आपले जवान नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये मरत होते. अलिप्त भारताला अमेरिकेकडे शस्त्रं मागावी लागली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं. पुढे १९६४ मध्ये ते शस्त्रांसाठी अमेरिकेलाही गेले आणि सोव्हिएत संघालाही. मिग विमानं आली ती सोव्हिएत संघाकडून, आणि ती बनवायचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. तुमच्या वर्गात माजी सैनिकांची नातवंडं असतीलच, म्हणून १९७१ सोडू नका. ९ ऑगस्टला भारत-सोव्हिएत मैत्री करार. डिसेंबरात ‘जंगी पलटण’, म्हणजे पहिली मराठा, जमालपूरला लढत होती. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. त्याच दिवसांत अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली, सोव्हिएत युद्धनौका तिच्या मागावर होत्या, आणि सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघ नकाराधिकार वापरत होता. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. ज्या आजोबांच्या छातीवर त्या लढाईचं पदक आहे, ते ज्या दिवशी चिखलातून पुढे सरकत होते त्या दिवशी समुद्रावर काय चाललं होतं, हे नातवाने त्यांना जाऊन सांगावं. आजोबांना वर्गात बोलावता आलं तर फारच चांगलं.

घरचा अभ्यास म्हणून मुलांना म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. ७२ च्या दुष्काळात खाल्लेली लाल ज्वारी, ‘मिलो’, कुठून आली होती? शाळेत मिळणारं ‘केअर’चं उप्पीट आणि दूध पावडर कुणाची? वह्यांना कव्हर घालायला गुळगुळीत रंगीत कागदाचं ‘सोव्हिएत देश’ मासिक कुणाच्या घरी यायचं? अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्यावर लिहिलं, त्यांचा स्टालिनग्राडवरचा पोवाडा म्हणणारं कुणी गावात आहे का? महासत्ता एकमेकींशी पोटातून आणि मनातूनही लढत होत्या, गव्हाच्या पोत्यांतून आणि मासिकांतून. हा भाग मुलांनी आणलेल्या माहितीवर सोडा, तुम्ही कमी बोला.

आता एक नाजूक गोष्ट. बर्लिनची भिंत शिकवाल तेव्हा आपल्या भागात कुणीतरी पोर विचारणारच, “आमचं बेळगाव पण तसंच की हो बाई?” विचारू द्या, पण ती तुलना पुढे नेऊ नका. १३ ऑगस्ट १९६१ ला उभी राहिलेली ती भिंत ओलांडताना किमान १४० माणसं मेली. आपली मुलं सकाळी चंदगड, कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी घरी येतात. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतून आला, तो भाषेचा आणि हक्काचा प्रश्न आहे, एकाच संविधानाखालचा आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची वेदना मला परकी नाही. म्हणूनच तो दुसऱ्या कुणाच्या भिंतीआड लपवू नये असं मला वाटतं. पण सीमाभागात वाढल्यामुळे आपल्या मुलांकडे एक ताकद मात्र आहे, तिचा उपयोग करा. १ नोव्हेंबरला त्यांच्या गावात एकीकडे राज्योत्सवाच्या पताका असतात आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. दुसऱ्या दिवशीचं मराठी वर्तमानपत्र आणि कन्नड वर्तमानपत्र दोन्ही वाचता येणारी ही मुलं आहेत. एक घटना दोन बाजू कशा सांगतात, काय गाळतात, कुणाचा फोटो पहिल्या पानावर छापतात, हे त्यांना पुण्या-बेंगळूरच्या मुलांपेक्षा लवकर कळतं. मार्च १९४६ मध्ये फुल्टनला चर्चिल ‘पोलादी पडद्या’बद्दल काय म्हणाले आणि त्यावर स्टालिनने ‘प्रावदा’त काय उत्तर दिलं, हे दोन उतारे त्यांच्यापुढे ठेवा. तीच नजर ती तिथे लावतील.

तक्रार करणाऱ्या पालकाला घाबरू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. त्याला मुलाची वही दाखवा. ज्या पानावर युक्रेनचा दुष्काळ आहे त्याच पानावर अलाबामा आहे हे त्याला दिसू द्या. सांगा की हा अभ्यासक्रमातला धडा आहे. हेही सांगा की आपल्याच देशात १९५७ साली केरळमध्ये मतपेटीतून कम्युनिस्ट सरकार आलं आणि १९५९ मध्ये केंद्राने ते बरखास्त केलं, म्हणजे हा विषय समजल्याशिवाय भारताचं राजकारणही समजत नाही. तुमचं स्वतःचं मत असेल तर ते वर्गात लपवायची गरज नाही असं काही शिक्षक मानतात. माझं मत वेगळं आहे. गुण देणाऱ्या माणसाने आपलं मत सांगितलं की मुलं तेच उत्तरपत्रिकेत लिहितात. धडा संपेपर्यंत गप्प राहा.

शेवट शिकवताना घाई होते, कारण मार्च जवळ आलेला असतो. तरी १९८९ ते ९१ हा भाग ‘अमेरिका जिंकली’ या एका ओळीत संपवू नका. १९८५ मध्ये सोव्हिएत संघात सत्तेवर आलेल्या गोर्बाचेव्ह यांनी मोकळेपणा आणि पुनर्रचनेची वाट धरली, अफगाणिस्तानातून फेब्रुवारी १९८९ मध्ये फौजा परत आल्या, पूर्व युरोपातली माणसं रस्त्यावर उतरली आणि या वेळी मॉस्कोने रणगाडे पाठवले नाहीत. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. भिंत उघडणाऱ्यांत सर्वात आधी तिथली सामान्य माणसं होती हे ठसवा. त्याच १९९१ मध्ये भारतातही आर्थिक धोरण बदललं, त्याचा एखादा दुवा द्या आणि पुढे अर्थशास्त्राच्या धड्यावर सोडा.

परीक्षेसाठी नाटो, वॉर्सा करार, मार्शल योजना, बांडुंग आणि बेलग्रेडच्या परिषदा यांचा सनावळीसह एक तक्ता करून भिंतीवर लावा. तो पाठ करायला मुलांना आपली मदत लागत नाही, त्यावर तास खर्च करू नका. तास कमी पडले तर बर्लिनची नाकेबंदी, अवकाशस्पर्धा, शस्त्रकपातीचे करार हे सगळं त्या तक्त्यात ढकला. गोवा, क्युबा आणि कोरिया मात्र पूर्ण घ्या. क्युबाच्या खेळासाठी एकच तास पुरत नाही, शेजारच्या विषयाच्या सरांकडून पुढचा तास आधीच मागून ठेवा.